घरात टीबीचा पेशंट आहे: ताटवाटी वेगळी करायची की खिडकी उघडायची?

सिडकोची_सून

माझ्या जाऊबाईंना फुप्फुसाचा टीबी निघालाय. खोकला कितीतरी दिवस हटत नव्हता, संध्याकाळ झाली की कणकण, ड्रेस सैल व्हायला लागले. अंबडला कंपनीत पॅकिंगला आहेत, त्यामुळे "धुळीचा खोकला" म्हणून कफ सिरपवर निभावणं चाललं होतं. शेवटी मनपाच्या दवाखान्यात बेडका दिला, मशीनवर पॉझिटिव्ह आला आणि लगेच गोळ्या सुरू झाल्या. इथपर्यंत ठीक.

आता घरचं. सासूबाईंनी त्यांचं ताट, वाटी, पेला, एवढंच काय मिठाची वाटीसुद्धा वेगळी काढली. कपडे वेगळ्या बादलीत. आणि झोपायला खोली दिली मागची, जिला एकच खिडकी आहे आणि ती डासांमुळे कायम बंद. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, त्यांचा नववीत. मुलांची तपासणी करू या म्हटलं तर "बीसीजी झालंय ना, कशाला पोरांना सुया" म्हणून विषय मिटवला.

मला घरात भांडण नकोय, पण नीट माहिती हवी आहे. भांड्यांमधून पसरतो का? लहानग्याचं काय करू? घर तीन खोल्यांचं आहे, हे धरून सांगा.

गंगाघाट

पूर्ण बरा होणारा आजार आहे, घाबरू नका. जाणकार येतीलच. मी आपली चटई टाकून बसतो.

म्हसरूळकर

छातीविकाराच्या वॉर्डात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भांड्यांमधून टीबी पसरत नाही. कपडे, चादर, संडास, हस्तांदोलन, एकत्र जेवण, यातूनही नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो, तेव्हा अतिशय बारीक थेंब हवेत जातात. मोठे थेंब खाली पडतात, पण बारीक थेंब सुकून इतके हलके होतात की बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. ते श्वासातून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत गेले तरच लागण. ताटाला लागलेला जंतू तिथवर पोचत नाही.

म्हणजे तुमच्या घरात सगळी मेहनत चुकीच्या जागी चाललीय. मिठाची वाटी परत जागेवर ठेवा आणि ती मागची खिडकी उघडा. डासांचा प्रश्न असेल तर जाळी बसवा. शक्य असेल तर पुढच्या, उजेडाच्या खोलीत त्यांची झोपायची सोय करा. हवा खेळती असली की जंतूंची दाटी विरळ होते, आणि सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते मरतात. सुरुवातीचे काही आठवडे त्यांनी घरात माणसं जवळ असताना मास्क लावावा, खोकताना तोंडावर रुमाल धरावा, बेडका झाकणाच्या डबीत टाकावा. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. खरं तर सगळ्यात जास्त लागण औषध सुरू होण्याच्या आधीच्या काळात झालेली असते, जेव्हा घरात कुणालाच संशय नसतो.

म्हणूनच तुमचा दुसरा प्रश्न ताटावाटीपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. बीसीजीमुळे लहान मुलांना मेंदूचा किंवा अंगभर पसरणारा गंभीर टीबी होण्यापासून चांगलं संरक्षण मिळतं, पण लागण होणारच नाही असं नाही आणि मोठेपणी फुप्फुसाच्या टीबीला ती लस फारशी अडवत नाही. पाच वर्षांखालच्या मुलात लागणीचं रूपांतर आजारात लवकर होतं. आजार नाही याची खात्री केली की त्याला प्रतिबंधाचं औषध सुरू करतात. घरातल्या मोठ्यांनाही तपासून ते देतात. एक पद्धत म्हणजे आयसोनियाझिडची गोळी रोज सहा महिने. दुसरी म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. कुणाला कोणतं ते दवाखान्यात ठरवतील.

देवळाली_कॅम्प

माहितीपूर्ण. पण आमच्या लहानपणी तर असा पेशंट घरात ठेवतच नसत. देवळालीत सॅनिटोरियम होती, मुंबईची माणसं हवापालटाला येत. स्वच्छ कोरडी हवा, दूध, अंडी, आराम. त्यात काहीच तथ्य नव्हतं का?

म्हसरूळकर

औषधं नव्हती तेव्हा दुसरं काय करणार? टीबीवर चालणाऱ्या पहिल्या औषधाचा, स्ट्रेप्टोमायसिनचा, शोध १९४३ मधला. त्याआधी आराम, आहार आणि हवा एवढंच हातात होतं, आणि त्यात बरेच जण दगावायचे.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात मिळालंय. मद्रासमध्ये १९५६ पासून एक मोठा अभ्यास झाला. काही पेशंट सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना गोळ्या देऊन घरीच राहू दिलं. घरं म्हणजे मद्रासच्या गरीब वस्त्यांमधली, दाटीवाटीची, खायची मारामार. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहून औषध घेणारेही जवळपास तितकेच बरे झाले. पुढे त्यांच्या घरच्यांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तर पेशंट घरी असल्यामुळे कुटुंबात जास्त टीबी पसरला असं दिसलं नाही. जगभरची सॅनिटोरियम बंद व्हायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. पेशंटला घराबाहेर काढायची गरज नाही, हे तेव्हापासून माहीत आहे. तरी २०२० नंतरच्या नाशकातही लोक मिठाची वाटी वेगळी काढतात, याला काय म्हणावं.

देवळाली_कॅम्प

अवांतर: थोरले माधवराव पेशवे याच आजारानं १७७२ मध्ये थेऊरला गेले, आणि त्यांच्या मातोश्री गोपिकाबाई तेव्हा नाशिकजवळच्या आपल्या गंगापूरला राहत होत्या. माधवरावांचं वय जेमतेम सत्तावीस. आनंदीबाई जोशी तर एकविसाव्या वर्षीच गेल्या, १८८७ मध्ये. एक पेशवा, एक डॉक्टर. पैसा, ज्ञान असूनही इलाज नव्हता.

गंगाघाट

आणि जंतू तर रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं १८८२ मध्येच शोधला होता, २४ मार्चला जाहीर केला. म्हणून त्या दिवशी क्षयरोग दिन. म्हणजे आनंदीबाई गेल्या तेव्हा शत्रू सापडला होता, पण हत्यार नव्हतं.

लॅबवाला_नाना

बेडक्याबद्दल थोडं सांगतो, कारण रोज तेच बघतो. लोक डबीत थुंकी आणून देतात. पातळ, फेसाळ. त्यात जंतू कुठून सापडणार? सकाळी उठल्यावर चूळ भरायची, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून जाड बेडका काढायचा. आणि हे मोकळ्यावर करायचं, गच्चीत किंवा अंगणात. मोरीत दार लावून खोकलात तर नंतर आंघोळीला जाणारा ती हवा घेणार.

आता बहुतेक ठिकाणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर तपासणी होते. जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे दोन्ही काही तासांत कळतं. ट्रूनॅट तर गोव्याच्या कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येतं. सूक्ष्मदर्शकाखाली बेडक्यात बरेच जंतू असतील तरच दिसतात, म्हणून "निगेटिव्ह आला, विषय संपला" असं धरू नका. लक्षणं चालूच असतील तर मशीनवरची तपासणी मागा.

आणि एक. रक्तातल्या अँटिबॉडी तपासून "टीबी आहे" सांगणारे किट २०१२ पासून आपल्याकडे बंदी घातलेले आहेत. कुणी तसा रिपोर्ट हातात दिला तर तो घेऊन भांडा.

सातपूरकर

माझा धाकटा भाऊ. तिसऱ्या महिन्यात वजन वाढलं, खोकला गेला, मोटरसायकलवर त्र्यंबकला फिरून आला आणि गोळ्या सोडल्या. "बरं झालंय, कशाला पोट खराब करायचं." वर्षभरानं पुन्हा आला तो एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी घेऊन. आता ठीक आहे, पण ती औषधं सोपी नव्हती. कानांवर परिणाम झाला तो झालाच. जाऊबाईंना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जपा. सुरुवातीला सगळेच घाबरून गोळ्या घेतात.

पेठ-सुरगाणा

+१. हे दहा वेळा लिहिलं तरी कमीच.

चिवडा_बाई

पण सहा महिने का? साध्या तापाला पाच दिवसांची अँटिबायोटिक पुरते. मला कुणीच नीट कारण सांगितलेलं नाही. "कोर्स पूर्ण करा" एवढंच.

म्हसरूळकर

चांगला प्रश्न. दोन कारणं.

एक, हा जंतू फार संथ आहे. पोटाच्या संसर्गातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला पंधरा-वीस तास लागतात. औषधं प्रामुख्यानं वाढत असलेल्या जंतूंना मारतात. पहिल्या काही आठवड्यांत असे बहुतेक मरतात, त्यामुळे खोकला जातो, भूक लागते. पण काही जंतू जवळजवळ निपचित पडलेले असतात. ते मधूनच जागे होतात, तेव्हा अंगात औषध असायला हवं. उरलेले महिने त्यांच्यासाठी असतात.

दुसरं, करोडो जंतूंमध्ये थोडे आधीच एखाद्या औषधाला न जुमानणारे असतात. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हे माजतात. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. सगळी एकाच गोळीत असतात आणि किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. वजन वाढलं तर दवाखान्यात सांगायचं. मणक्याचा किंवा मेंदूचा टीबी असेल तर मुदत सहा महिन्यांहून वाढते.

सातपूरकरांच्या भावाला इंजेक्शनं असतील, कानावरचा परिणाम त्यांचाच. आता एमडीआरसाठी बहुतेकांना इंजेक्शनं देत नाहीत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा तोंडी कोर्स २०२४ मध्ये आपल्या कार्यक्रमात मंजूर झाला. सगळ्यांना चालतोच असं नाही, पण पूर्वीच्या दीड-दोन वर्षांपेक्षा खूप बरं.

नर्स_काकू

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी लाल-केशरी होते. ती रिफाम्पिसिनमुळे, रक्त नाही. पहिल्या दिवशी किती बायका रडत फोन करतात! घामही थोडा रंगतो. मळमळ होत असेल तर वेळ बदलून घ्या, पण स्वतःच्या मनानं अँटासिड सोबत घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही.

डोळे पिवळे दिसले, जेवणावरची वासनाच उडाली, सारख्या उलट्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. यकृताला त्रास होत असू शकतो. लाल-हिरवा रंग ओळखता येईना किंवा अंधुक दिसायला लागलं तरी लगेच सांगा, ते इथॅम्ब्युटॉलमुळे होऊ शकतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर बी-६ देतात. दारू बंद, यावर तडजोड नाही.

आणि हे बायकांशी कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. दुसरा उपाय विचारून घ्या. शुगरच्या आणि रक्त पातळ करायच्या औषधांचीही मात्रा बदलावी लागू शकते, आधीची चिठ्ठी दाखवा. शुगर तपासलेली नसेल तर तपासाच, मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो. टीबीच्या पेशंटची शुगर आणि एचआयव्ही दोन्ही तपासतात, त्यात कमीपणा मानू नका.

काढेवाला

सगळं ठीक, पण मूळ प्रतिकारशक्तीचं काय? अडुळसा, ज्येष्ठमध, गुळवेल घेतलं तर शरीर स्वतःच लढतं. इंग्रजी गोळ्यांनी शरीर पोखरतं. आमच्याकडे आजोबा काढ्यावरच बरे झाले.

नर्स_काकू

काढेवाले, अडुळशानं घसा मोकळा होत असेल, जंतू मरत नाही. गोळ्या सोडून काढा घेतलेल्यांना परत वॉर्डात उचलून आणलेलं मी पाहिलंय. गुळवेल तर गोळ्यांबरोबर अजिबात नको, तिनं काहींच्या यकृताला इजा झाल्याचे अहवाल आहेत आणि इथे यकृतावर आधीच भार असतो.

पेठ-सुरगाणा

प्रतिकारशक्तीवर मात्र काढेवाल्यांचं अर्धं बरोबर आहे, फक्त उत्तर काढा नाही, जेवण आहे. जगात साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना टीबीची लागण झालेली असते. त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. कुणाला होतो? ज्याचं अंग खंगलेलं आहे त्याला, मधुमेह, एचआयव्ही, बिडी-सिगारेट, दारू आहे त्याला. दगड फोडणाऱ्याला, फाउंड्रीत वाळूची भुकटी श्वासात घेणाऱ्याला.

झारखंडमध्ये एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ आणि डाळ दिली, तर घरात नवीन टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. डाळ-तांदळानं! आमच्या भागात हे कुणाला पटवावं लागत नाही.

खरी अडचण वेगळी. पाऊस संपला की सुरगाणा-पेठची माणसं दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत येतात. कोर्स गावातल्या उपकेंद्रात सुरू, माणूस पिंपळगावच्या शेतात पालात. पालात हवा भरपूर, पण गोळ्या कोण आणून देणार? मुकादमाला सांगायची लाज, कामावरून काढतील ही भीती. त्यांना कुणी सांगत नाही की निक्षय (टीबी पेशंटांची सरकारी नोंदणी) आयडी एकच असतो, तो दाखवून दुसऱ्या तालुक्यात, अगदी दुसऱ्या राज्यातही गोळ्या घेता येतात. निघायच्या आधी आशाताईला सांगितलं की ती पुढे कळवते. बागायतदार मंडळी इथं वाचत असतील तर त्यांनी टोळीत कुणी खोकतंय का, दोन आठवड्यांवर गेलंय का, एवढं विचारावं. आणि काढू नये. उपचार सुरू असलेला मजूर कुणाला माहीत नसलेल्या पेशंटपेक्षा केव्हाही सुरक्षित.

आडगाव_नाका

सरकारी गोळ्या, सरकारी आयडी, सगळं ऐकायला छान. मध्यंतरी गोळ्या तुटल्या होत्या त्याचं काय? २०२४ च्या मार्चच्या सुमारास तर देशभर ओरड होती. आमच्या ओळखीच्या एका पेशंटला केंद्रावर "पुढच्या आठवड्यात या" सांगत राहिले. आणि २०२५ पर्यंत टीबी संपवणार होते, संपला का?

म्हसरूळकर

टंचाई खरी होती, तेव्हा केंद्रानं राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं होतं. असं झालं तर थांबून राहायचं नाही. त्याच दिवशी १८००-११-६६६६ या निक्षयच्या फुकट नंबरवर तक्रार, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून तात्पुरती सोय. एकातलं एक औषध मिळत नाही म्हणून उरलेली दोन चालू ठेवणं मात्र धोक्याचं.

संपायचं म्हणाल तर अजून बराच लांब आहे. लाख लोकसंख्येमागे वर्षाला नवे पेशंट २०१५ मध्ये २३७ होते, २०२३ मध्ये १९५. घटले, पण त्याच वर्षी जगातल्या एकूण १ कोटी ८ लाख नव्या पेशंटांपैकी २६ टक्के भारतातले होते. घोषणा मोठी आणि खिडकी बंद, असा प्रकार.

चिवडा_बाई

खाजगीत दाखवलं तर? आमच्या भाचीच्या मानेत गाठ होती, सुईनं पाणी काढून तपासलं, गाठीचा टीबी निघाला. कॉलेज रोडला ट्रीटमेंट चालू आहे. तिच्या आईनं होस्टेलला कळवायचं नाही म्हणून सांगितलंय.

नर्स_काकू

नुसत्या गाठीचा असेल तर तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. फक्त फुप्फुसात काही नाही ना, याचा एक्स-रे झालेला असू द्या. होस्टेलला सांगायची सक्ती वाटत नाही, पण एखाद्या मैत्रिणीला माहीत असावं, गोळीची आठवण करायला.

खाजगी डॉक्टरनेही प्रत्येक पेशंटची नोंद निक्षयवर करायलाच हवी, २०१२ पासून ते बंधनकारक आहे. ती झाली की खाजगीतल्या पेशंटलाही पोषण आहाराचे पैसे बँक खात्यात मिळतात. आधी महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आधार आणि पासबुक द्या, आणि जमा होतात का बघत राहा. उशीर होतो, पण मागे लागलं की येतात.

सिडकोची_सून

सगळ्यांचे खूप आभार. हा धागा सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. मद्रासच्या गोष्टीवर त्या गप्प बसल्या, लाल लघवीवर हसल्या. काल खिडकीला जाळी बसली. ताटाचं अजून नाही. "राहू दे, तिलाच आता सवय झालीय" म्हणतात. मी जाऊबाईंच्याच ताटात जेवायला बसले, बघू किती दिवस टिकतंय.

मुलाचा एक्स-रे साफ आहे, वजन ठीक. उद्यापासून त्याची गोळी सुरू. पुतण्याला आणि आम्हा मोठ्यांना आठवड्यातून एकदाचा कोर्स मिळणार आहे. दीर म्हणतात मला काही झालं नाही, मी घेणार नाही. त्यांच्याशी कसं बोलू ते सांगा.

अजून एक. पुढच्या महिन्यात इगतपुरीला मामेबहिणीचं लग्न आहे. जाऊबाईंना न्यावं का? त्यांचीच इच्छा आहे फार.

म्हसरूळकर

दिरांना दवाखान्यात सोबत घेऊन जा आणि बोलणं तिथल्या माणसाला करू द्या. घरातल्या बाईचं ऐकणार नाहीत, पांढऱ्या कोटाचं ऐकतील. वाईट वाटतं, पण चालतं.

लग्नाला न्या. तोवर गोळ्यांना महिना उलटलेला असेल, तब्येत सुधारत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर अडवू नका. हॉलमध्ये दाटी असेल तिथे मास्क, बाकी मंडपात मोकळं. गोळ्या मात्र त्यांच्या पर्समध्ये, एक दिवसाच्या जास्तीच्या धरून. मोठ्या बॅगेत ठेवल्या तर ती बॅग नेमकी दुसऱ्या गाडीत जाते.